वन्य वनस्पतींवरील परजीवी कवकांचे सर्वेक्षण : उद्देश, पद्धती आणि नोंदीचे प्रामाण्य

पिकांवरील कवकरोगांची दखल शेतकरी स्वतःच घेतो. गव्हावर तांबेरा पडला, ज्वारीच्या कणसात काणी शिरली किंवा द्राक्षवेलीवर भुरी पसरली, की होणारी हानी पैशांत मोजता येते आणि रोगाचा तपास सुरू होतो. रानातील कुसर, गेळ, अंजनी किंवा पिसा यांच्या पानांवर कोणते कवक वाढत आहे, अशी तक्रार घेऊन मात्र प्रयोगशाळेत कोणी येत नाही. ही कवके पाहावयाची असतील तर अभ्यासकालाच रानात जावे लागते, आणि तेही योजनापूर्वक, ठराविक क्षेत्रात, ठराविक काळाच्या अंतराने. वन्य वनस्पतींवरील परजीवी कवकांचे सर्वेक्षण ते हेच.

अशा सर्वेक्षणाचे मूल्य पुष्कळदा त्यात किती नव्या जाती सापडल्या यावर ठरविले जाते. ही कसोटी अपुरी आहे. परजीवी कवक एकटे राहत नाही. ते विशिष्ट पोषक वनस्पतीवर, तिच्या विशिष्ट अवयवावर आणि वर्षातील विशिष्ट काळात आढळते. म्हणून सर्वेक्षणाचे एकक कवक हे नसून कवक आणि पोषक वनस्पती यांची जोडी हे होय. या जोडीतील एक बाजू संदिग्ध राहिली तर दुसरीची नोंदही निरुपयोगी ठरते. प्रस्तुत लेखात सर्वेक्षणाच्या पद्धतीचा विचार याच दृष्टीने केला आहे.

पूर्वपीठिका

भारतातील कवकशास्त्राचा पद्धतशीर पाया एडविन जॉन बटलर यांनी घातला. १९०१ मध्ये ते भारतात आले. पुढे बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत त्यांनी केलेल्या कार्यातून १९१८ चा त्यांचा वनस्पतिरोगांवरील ग्रंथ सिद्ध झाला. १९३१ मध्ये बटलर आणि बिस्बी यांनी भारतातील ज्ञात कवकांची सूची प्रसिद्ध केली. पुढील सर्व प्रादेशिक सूचींचा आरंभबिंदू हीच सूची होय. बटलर यांच्या काळापासून जमत आलेला नमुन्यांचा संग्रह आज नवी दिल्ली येथील भारतीय कृषिसंशोधन संस्थेत आहे.

त्यानंतरच्या पिढीत मुंडकूर आणि तिरुमलाचार यांनी काणी-कवकांचा परामर्श घेणारा ग्रंथ १९५२ मध्ये सिद्ध केला. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास, पुणे येथे मा. ना. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले कार्य विशेष महत्त्वाचे आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत, म्हणजे १९९२ पासूनच्या आघारकर संशोधन संस्थेत, आजरेकर यांच्या नावाने कवकसंग्रह उभा राहिला. महाराष्ट्रातील कवकांची सूची १९७१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सह्याद्रीच्या सदाहरित रानांत विपुल असणाऱ्या काळ्या भुरीच्या कवकांचा विस्तृत अभ्यास होसगौडर यांनी केला व त्यावरील त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये निघाला.

या सूचींचा उपयोग करताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. सूचीत एखादे नाव नसणे याचा अर्थ ते कवक त्या प्रदेशात नाही असा होत नाही. पुष्कळदा तेथे कोणी पाहिलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ असतो. जगातील कवकांच्या जाती २२ ते ३८ लक्ष असाव्यात असा अंदाज हॉक्सवर्थ आणि ल्यूकिंग यांनी २०१७ मध्ये मांडला. नावे दिलेल्या जाती मात्र सुमारे दीड लक्षच आहेत.

जोडीतील पहिली बाजू : पोषक वनस्पती

तांबेरा, भुरी, काळी भुरी यांसारखी कवके जिवंत पोषक वनस्पतीवरच वाढतात. साध्या कृत्रिम माध्यमावर ती सहसा वाढविता येत नाहीत. त्यांची पोषकाची निवडही काटेकोर असते. कित्येक जाती एकाच प्रजातीपुरत्या किंवा एकाच कुलापुरत्या मर्यादित असतात. त्यामुळे मेलिओला, सर्कोस्पोरा यांसारख्या वंशांत ओळख पटविण्याची पहिली पायरी पोषकाच्या कुलावरूनच सुरू होते. चप यांचा सर्कोस्पोरावरील १९५४ चा ग्रंथ पोषकांच्या कुलांनुसारच रचलेला आहे. येथे पोषक ओळखण्यात चूक झाली तर कवकाची तुलना भलत्याच जातींशी केली जाते आणि ‘नवी जाती’ निर्माण होते. अशा चुकीच्या नोंदी सूचींत शिरल्या म्हणजे एका सूचीतून दुसरीत उतरत राहतात.

यावर उपाय साधा आहे, पण श्रमाचा आहे. रोगट पानाबरोबर त्याच झाडाची फुले किंवा फळे असलेली फांदी वेगळी दाबून ठेवावी. ती मिळत नसेल तर झाडावर खूण करून बहराच्या काळात पुन्हा यावे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला ग्रंथ आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेने काढलेले महाराष्ट्राच्या वनस्पतींवरील खंड हाताशी असले, तरी केवळ पानांवरून केलेली ओळख तात्पुरतीच मानावी. एकाच रानातील जांभूळवर्गीय झाडांच्या निरनिराळ्या जाती पानांवरून वेगळ्या करणे अनुभवी अभ्यासकालाही कठीण जाते.

जोडीतील दुसरी बाजू : परजीवी कोण?

पानावर दिसणारे प्रत्येक कवक परजीवी नसते. महाबळेश्वरच्या पठारावरील अंजनी, जांभूळ व पिसा यांच्या रानात पानांवर काळे मखमली ठिपके दिसतात. त्यांपैकी काही मेलिओला व तत्सम वंशांचे, म्हणजे खरे परजीवी असतात. काही कॅप्नोडियमसारखी काजळी-कवके असतात. ती मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड यांच्या मधासारख्या चिकट स्रावावर वाढतात. ती पानाच्या पेशीत शिरत नाहीत, केवळ पृष्ठभाग झाकून प्रकाश अडवितात. विद्यार्थ्यांच्या संग्रहांत या दोहोंची सरमिसळ वारंवार आढळते.

त्यांतील भेद सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट होतो. मेलिओलाचे तपकिरी तंतू पानाच्या पृष्ठभागावर पसरतात आणि त्यांना दोन पेशींची, टोकाशी फुगीर अशी लहान उपांगे असतात. या उपांगांतून निघालेला सूक्ष्म खुंट बाह्यत्वचेच्या पेशीत शिरतो व तेथे शोषकांग तयार होते. याशिवाय सुरईच्या आकाराच्या पेशी, राठ काळे केस आणि गोल धानीफले आढळतात. धानीफलांतील बीजाणू गडद तपकिरी असून बहुधा चार पडद्यांचे, म्हणजे पाच पेशींचे असतात. काजळी-कवकात अशी उपांगे नसतात आणि त्याचा पापुद्रा पुष्कळदा बोटाने पुसून निघतो.

मेलिओलाची रचना पाहण्यास एक सोपी युक्ती उपयोगी पडते. ठिपक्यावर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब पसरून तो वाळू द्यावा व तयार झालेली पातळ पापडी अलगद सोलून काचपट्टीवर बसवावी. उपांगांची मांडणी न विस्कटता सर्व तंतुजाल पापडीबरोबर येते. या मांडणीला महत्त्व आहे, कारण बेली यांनी १९२० मध्ये सुचविलेली आणि पुढे स्टीव्हन्स यांनी सुधारलेली अंकसूत्राची पद्धत या अवयवांच्या आकारावर व मापांवरच आधारलेली आहे. हॅन्सफर्ड यांच्या १९६१ च्या ग्रंथातही याच लक्षणांचा आधार आहे.

एकाच पोषकावर भिन्न प्रकारची परजीवी कवके कशी वेगळी वागतात, हे रानातील कुसर व जाई यांच्या वर्गात चांगले दिसते. या वर्गावरील मेलिओला जस्मिनिकोला पानावर काळे ठिपके पाडते, पण पानाचा आकार बदलत नाही. युरोमायसीस हॉब्सोनाय हा तांबेरा मात्र कोवळे शेंडे, देठ व पाने फुगवितो, वेडेवाकडे करतो आणि त्या फुगीर भागांवर पिवळ्या पेल्यांची दाटी होते. पहिल्या प्रसंगी नोंद पानाची करावयाची, दुसऱ्या प्रसंगी सर्व शेंड्याची. केवळ पाने तोडून आणणारा संग्राहक दुसऱ्या कवकाचे अर्धे लक्षण रानातच सोडून येतो.

परजीवीवरही परजीवी असतो, हे विसरून चालणार नाही. तांबेऱ्याच्या फोडांत स्फेरेलॉप्सिस फायलम हे कवक आपली काळी सूक्ष्म फले तयार करते. हेच पूर्वी डार्लुका फायलम या नावाने परिचित होते. भुरीच्या तंतूंत अँपिलोमायसीस वाढते. अशा वेळी एका डागात दोन कवके असतात आणि त्यांपैकी एकाचे पोषक वनस्पती नसून दुसरे कवक असते. नोंदीत ही साखळी स्पष्ट लिहिली पाहिजे.

एका कवकाची दोन घरे

तांबेऱ्याच्या सर्वेक्षणात आणखी एक अडचण असते. पुष्कळ तांबेरे आपले जीवनचक्र पुरे करण्यासाठी परस्परांशी काहीही नाते नसलेल्या दोन वनस्पतींचा आश्रय घेतात. गव्हाचा काळा तांबेरा आणि बार्बेरीवरील पेले ही एकाच कवकाची दोन रूपे आहेत, हे डी बारी यांनी १८६५ मध्ये प्रयोगाने दाखविले.

भारतातील रानांतून याचे उत्तम उदाहरण मिळते. भरीव बांबूच्या पानांवर डॅस्टुरेला डिव्हिना हा तांबेरा येतो. भारतीय कवकशास्त्रज्ञ दस्तूर यांच्या नावाने मुंडकूर आणि खेसवाला यांनी १९४३ मध्ये हा वंश स्थापिला. बांबूवर या तांबेऱ्याचे युरेडो व टेल्यूटो हे बीजाणू आढळतात, पेले आढळत नाहीत. दुसरीकडे गेळाच्या काटेरी झुडपांवर पेले आढळतात, पण पुढील बीजाणू आढळत नाहीत. ही दोन्ही एकाच कवकाची रूपे आहेत, हे तिरुमलाचार, नरसिंहन् आणि गोपालकृष्णन् यांनी १९४७ मध्ये सिद्ध केले. बांबू तृणकुलातील आणि गेळ कॉफीच्या कुलातील. पोषकांच्या यादीवरून हा संबंध कोणाच्याही ध्यानात आला नसता. तो कळण्यास दोन्ही वनस्पती एकाच रानात शेजारी पाहाव्या लागतात, त्यांवरील कवकांच्या वेळा जुळवून पाहाव्या लागतात आणि अखेर एकीवरील बीजाणू दुसरीवर सोडून संसर्ग घडवून आणावा लागतो.

शेवटची पायरी टाळता येत नाही. केवळ शेजारामुळे संबंध सिद्ध होत नाही, हे गव्हाच्या तांबेऱ्याने भारतात दाखवून दिले आहे. युरोप-अमेरिकेत बार्बेरी ही या रोगाची दुवा ठरली होती. अमेरिकेत १९१८ पासून तिच्या निर्मूलनाची मोहीम चालली. हिमालयातही बार्बेरी आहे, म्हणून येथेही तीच कारण असावी असे मानणे सोपे होते. परंतु क. चं. मेहता यांनी दीर्घ संशोधनाअंती असे दाखविले, की भारतातील मैदानी गव्हावर दरवर्षी परतणाऱ्या तांबेऱ्यास बार्बेरी कारण नाही. तांबेरा डोंगराळ भागातील गव्हावर उन्हाळा काढतो आणि तेथून वाऱ्याबरोबर खाली येतो. १९४० व १९५२ च्या त्यांच्या ग्रंथांत हा पुरावा आहे. परदेशातील जोडी जशीच्या तशी येथे लागू करू नये, हा त्यातील सर्वेक्षकाने घ्यावयाचा बोध होय.

क्षेत्र आणि काळ

सह्याद्रीतील सर्वेक्षण एका ऋतूत पुरे होत नाही. पावसाच्या उत्तरार्धात गवतांवरील काणी व केवडा दिसू लागतात. हरळीच्या फुलोऱ्यातील अस्टिलॅगो सायनोडॉन्टिस ही काणी याच वर्गातील आहे. पाऊस सरल्यावर आणि हिवाळ्यात तांबेरे व भुरी यांचा जोर होतो. सागाच्या पानांखालील नारिंगी तांबेरा पानगळीपूर्वी सहज हाती लागतो, नंतर पानाबरोबर नाहीसा होतो. सदाहरित रानाच्या सावलीतील काळी भुरी मात्र वर्षभर टिकते.

म्हणून दूरदूरच्या अनेक स्थळांना एकेक भेट देण्यापेक्षा थोडी स्थळे निवडून त्यांना वर्षभर ठराविक अंतराने भेटी देणे अधिक फलदायी ठरते. प्रत्येक स्थळी मोजून आखलेले क्षेत्र असावे, त्यातील सर्व वनस्पतींची यादी प्रथम करावी आणि नंतर प्रत्येक जातीची ठराविक झाडे तपासावी. निरोगी आढळलेल्या झाडांचीही नोंद करावी. दहा गेळांपैकी दोहोंवर पेले होते, ही नोंद ‘गेळावर पेले आढळले’ या नोंदीपेक्षा कितीतरी अधिक सांगते. दहाही निरोगी असतील तर तीही एक माहिती आहे. पुढे कधी रोग दिसला तर तो नवा आहे की जुनाच, हे तिच्यावरूनच ठरते.

देवराया या दृष्टीने मोलाच्या आहेत, कारण आजूबाजूचे रान तुटल्यावरही तेथे जुनी झाडे उरली आहेत. तेथे नमुने घेण्यापूर्वी ग्रामस्थांची संमती व संबंधित खात्यांची परवानगी घ्यावी आणि नमुना गरजेपुरताच घ्यावा.

नमुन्याचे जतन व तपासणी

नमुना टिपकागदात दाबून, कागद रोज बदलून वाळवावा. पावसाळ्यात यात हयगय झाली तर परजीवी कवकावर बुरशी चढते आणि नमुना वाया जातो. कागदी पाकिटावर स्थळ, उंची, अक्षांश-रेखांश, दिनांक, पोषक, बाधित अवयव, बाधेचे प्रमाण आणि संग्राहकाचा क्रमांक ही माहिती त्याच दिवशी लिहावी. स्मरणावर विसंबून मागाहून लिहिलेल्या चिठ्ठ्या धोक्याच्या असतात. बीजाणूंची मापे थोड्या बीजाणूंवरून देऊ नयेत. निदान तीस तरी मोजावेत व किमान, कमाल आणि सरासरी दिली जावी.

जनुकीय पद्धतीने आता पुष्कळ साहाय्य होते. कवकांच्या ओळखीसाठी रायबोसोमी जनुकांमधील अंतर्गत भाग प्रमाण म्हणून २०१२ मध्ये सुचविला गेला. परंतु वन्य पानांच्या बाबतीत येथेही सावधगिरी हवी. एका पानात परजीवीबरोबर आतील निरुपद्रवी कवके, पृष्ठभागावरील किण्वे आणि परजीवीचे परजीवी असतात. सबंध डाग कुटून मिळविलेला जनुकक्रम यांपैकी कोणाचाही असू शकतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली एकच फोड किंवा धानीफल वेगळे काढावे, उरलेला भाग संग्रहात ठेवावा आणि दोहोंचा क्रमांक एकच असावा. रचनेची व जनुकांची साक्ष एकाच नमुन्याची नसेल तर ती परस्परांना पूरक ठरत नाही.

नावांचा प्रश्न

परजीवी कवकांच्या नावांत अलीकडे मोठे बदल झाले. लैंगिक व अलैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावे देण्याची जुनी सवलत २०११ च्या मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत संपली. आता एका कवकाला एकच योग्य नाव. १ जानेवारी २०१३ पासून नव्या नावासाठी मान्य नोंदणीसंस्थेचा क्रमांक आवश्यक झाला. वंशांची पुनर्रचनाही चालू आहे. वर उल्लेखिलेला डॅस्टुरेला डिव्हिना १९९८ पासून क्वाइलिंजिया डिव्हिना या नावानेही ओळखला जातो. केवड्याची कवके तर खऱ्या कवकांच्या सृष्टीतून वगळली जाऊन शैवालांच्या एका शाखेच्या जवळ नेण्यात आली आहेत, तरी सर्वेक्षणात त्यांचा समावेश सोयीसाठी पूर्ववत करतात.

नावे बदलतात, नमुना बदलत नाही. जुन्या सूचीतील नाव आज कोणत्या कवकाला लागू पडते हे पाहण्याचा एकमेव मार्ग म्हणजे मूळ नमुना पुन्हा तपासणे. ज्या नोंदीमागे जतन केलेला नमुना नाही, ती नोंद नाव बदलताच निराधार होते.

रानातून शेतात, एका खंडातून दुसऱ्यात

हे सर्व श्रम कशासाठी, याचे उत्तर काही घटनांतून मिळते. राजस्थानात मक्यावर येणाऱ्या केवड्याचे कवक कुसळी या रानगवतावरही राहते, असे आढळले. पेरोनोस्क्लेरोस्पोरा हेटेरोपोगोनाय हे त्याचे नाव १९८० मध्ये त्या गवताच्या वंशावरूनच ठेवले गेले. शेतात मका नसतो तेव्हाही बांधावर कुसळी असते. केवळ शेतात उपाय करून असा रोग हटत नाही. आवळ्याचेही तसेच. हे झाड रानात आणि बागेत दोन्हीकडे आहे, आणि रॅव्हेनेलिया एंब्लिसी हा तांबेरा दोहोंमधील कुंपण मानीत नाही.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. ब्राझीलमध्ये पेरूवर विंटर यांनी १८८४ मध्ये एका तांबेऱ्याचे वर्णन केले. आज त्याला ऑस्ट्रोपक्सिनिया सिडी म्हणतात. मूळ प्रदेशात जंबुकुलातील वन्य झाडांबरोबर तो दीर्घकाळ राहत आला होता. २००५ मध्ये तो हवाई बेटांवर आढळला आणि तेथील गुलाबजांबाची झाडे मोठ्या प्रमाणावर मेली. २०१० मध्ये तो ऑस्ट्रेलियात आणि २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवर पोहोचला. ऑस्ट्रेलियातील वर्षावनांत पूर्वी सर्वसामान्य असलेल्या र्‍होडोमिर्टस व र्‍होडॅम्निया या वंशांतील काही जाती त्याने विनाशाच्या उंबरठ्यावर आणल्या. गुलाबजांब आणि सह्याद्रीतील जांभूळ ही एकाच वंशातील झाडे होत. जांभळाच्या रानांवर आज कोणती कवके आहेत, ती किती प्रमाणात आणि कोणत्या महिन्यांत दिसतात, याची विश्वसनीय नोंद असेल, तरच उद्या दिसणारा पिवळा फोड परका म्हणून वेळीच ओळखता येईल. रोग पसरल्यावर ही आधारनोंद तयार करता येत नाही.

तिसरी गोष्ट रानांच्या ऱ्हासाची. एका पोषकापुरते मर्यादित असलेले कवक त्या पोषकाबरोबरच नष्ट होते. दुर्मीळ झाडांच्या याद्या होतात, त्यांचे संवर्धन होते. त्यांच्या पानांवरील कवकांचा हिशेब मात्र त्यांत नसतो. ही कवके झाडांची दाटी मर्यादित ठेवण्यात आणि एकाच जातीचे वर्चस्व रोखण्यात भाग घेतात. त्यामुळे त्यांना केवळ रोगकारक मानणे योग्य नव्हे.

उपसंहार

सर्वेक्षणाच्या अहवालाचे परीक्षण करताना नव्या जातींची संख्या शेवटी पाहावी. प्रथम पाहावे ते हे : पोषकाची ओळख फुला-फळांच्या नमुन्याने पक्की केली आहे काय, कवक खरोखर परजीवी आहे याचा पुरावा दिला आहे काय, तांबेऱ्याच्या कोणत्या अवस्था आढळल्या व कोणत्या आढळल्या नाहीत ते स्पष्ट केले आहे काय, निरोगी झाडे मोजली आहेत काय, आणि नमुना सार्वजनिक संग्रहात क्रमांकासह ठेवला आहे काय. या पाच प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असलेला, तीसच जोड्यांची नोंद करणारा अहवाल तीनशे नावांच्या यादीपेक्षा श्रेष्ठ होय. पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासक त्याच रानात जाऊन, त्याच जातीचे झाड पाहून आणि संग्रहातील तेच पाकीट उघडून काय बदलले हे सांगू शकला, म्हणजे सर्वेक्षण सफल झाले असे समजावे.